टेम्पो

टेम्पो माझा आहे. चारशे सात, पासिंग धुळ्याचं.
पण हितू म्हणतो, टेम्पो त्याचाही आहे :
लॅपटॉपच्या कोपऱ्यातला तो हिरवा आकडा.
"काका, तुमचा ताशी दोन किलोमीटर,
माझा मिनिटाला एकशे अठ्ठावीस."
आणि नवरदेव दोन्हींच्या मधे कुठेतरी,
घोड्यावर, घामाघूम.

दोंडाईचा, स्टेशन रोड, माघातली रात्र.
मिरचीच्या पथारीवरून वारा सुटला
की वरात आधी शिंकते, मग नाचते.
मी पहिल्या गिअरात, अर्धा क्लच दाबून,
पोटरीला मुंग्या,
पाठीमागे पत्र्यावर बेसचे गुद्दे.
आरशात एका वरातीच्या तीन वराती थरथरतात.

ऑर्डर नसली की हितू मला शिकवतो.
ठोका तोच, काका, फक्त जवळ-जवळ आणायचा.
एकशे वीसच्या पुढे हाऊस,
एकशे अडतीसला ट्रान्स, त्यात माणूस डोळे मिटतो.
एकशे चौऱ्याहत्तर, ड्रम अँड बेस.
दोनशेच्या आसपास गॅबर नावाचं काहीतरी,
ते त्याने एकदाच लावलं,
शेजारच्या बोहरणीने रिक्षाचा हॉर्न समजून दार उघडलं.
मी म्हटलं, आपल्याकडेही नावं आहेत की.
हळदीची चाल, पारावरची चाल,
आणि पोलीस यायच्या आधीची शेवटची दहा मिनिटं.

माझा बाप, लोटन मिस्त्री,
विहिरीवरच्या इंजिनांचा वैद्य.
तंबाखू मळता मळता बांधावरूनच ऐकायचा
आणि सांगायचा, हे पाणी ओढतंय,
ते नुसता धूर ओढतंय.
गव्हर्नरचा स्क्रू अर्धा आटा फिरवला
की त्याच इंजिनाचा स्वभाव बदलायचा.
हितूने त्याला पाहिलं नाही.
पण नॉब फिरवताना त्याची मान
तशीच, डावीकडे कलते.

चौकात कौतिकबाई आडवी आली.
नवरदेवाची मावशी, कमरेला पदर,
सरळ माझ्या बॉनेटवर थाप :
"भो, जरा धीरे वाजाड, मन्हा गुडघा दुखतस!"
पुढे पोरं ओरडत होती, वाढव, वाढव.
मला वाटलं आता भांडण.
हितूने आकडा वाढवला. एकशे चाळीस.
आणि एक सोडून एक ठोका काढून घेतला.

मधे जागा झाली.
पोरं त्या जागेत दोनदा उडत होती.
कौतिकबाई एक पाय टाकायची,
थांबायची, हात हवेत ठेवून,
मग दुसरा, सत्तरच्या चालीने,
जणू कुणी तिच्यासाठी पायरी कोरून ठेवलीय.
"हां," ती म्हणाली, "आते जमनं."
आकडा एकच. कुणी कुणाला तुडवलं नाही.
मी क्लच तसाच धरून ठेवला,
पायाचं काय व्हायचं ते होवो.

पहाटे परतताना फाटक बंद.
मागे बॉक्स ताडपत्रीखाली मुके,
शेजारी हितू, तोंड उघडं, कानांत अजून शिट्टी.
मालगाडी आली, भरधाव,
फाटकाजवळच्या सांध्यावर चाकं आपटत.
हितू डोळे न उघडता म्हणाला, "ड्रम अँड बेस."
गाडीने ब्रेक लावला.
"ट्रान्स."
डबे येत राहिले, कोळशाचे, एकसारखे.
"हाऊस," आणि बऱ्याच वेळाने,
"आता हिपहॉप..."
मग एक लांब कर्कश किंकाळी, लोखंडाला लोखंड,
आणि शेवटचा डबा फाटकातच उभा.

"आता काय?" मी विचारलं.
तो कुशीवर वळला.
"आता काही नाही, काका.
आता दोंडाईचा."