काजळी

ऐरोलीत आमच्या सोसायटीभोवती
एकशे दहा पावलांचं कामिनीचं कुंपण आहे.
माघात ते काळं पडलं.
काळं म्हणजे कंदिलाच्या काचेवर धरतं तसं,
पान न् पान.

"कंपनीचा धूर," रणपिसे म्हणाले
आणि रबाळ्याकडे हात केला,
जिकडे हात करायची आम्हा सगळ्यांनाच सवय आहे.
मंडळाला अर्ज गेला. सतरा सह्या.
पहिली माझी.

तेहेतीस वर्षं मी वाशीला दवाखान्यात
काचपट्ट्या बघितल्या, लोकांचे चेहरे कमी.
नमुना पाहिल्याशिवाय सही करायची नाही,
हे नव्या पोरींना मीच सांगायची.

म्हणून दुसऱ्या दिवशी, उशिरा का होईना,
ओला अंगठा एका पानावरून फिरवला.
काळं सुटलं, पापुद्रा निघावा तसं.
खाली पान हिरवंगार.
बोट चिकट.
आणि खोडावरून वर चाललेली मुंग्यांची रांग.

धुराला मुंग्या लागत नाहीत.

फांदीच्या बेचक्यात कापसाचे बोळे होते.
भिंग धरलं:
पिठ्या ढेकूण. पिठात लोळलेल्या, बिनघाईच्या माद्या,
सोंड एकदा खुपसली की तिथेच संसार.
पितात इतकं, की पचत नाही,
गोड गळत राहतं खालच्या पानांवर,
आणि त्या उष्ट्यावर ही बुरशी.
मुंग्या दुभत्या जनावरांसारख्या त्यांना राखतात.
काळं हा रोग नव्हताच.
तो पंगत उठल्यावर येणारा कुणी तिसराच.

हसुराम मढवीला बोलावलं.
लागलेल्या फांद्या कापल्या, पिशवीत तोंड बांधून भरल्या,
खताच्या खड्ड्यात नाही.
मुंग्यांचं वारूळ मीटरच्या खोलीमागे निघालं.
लिटरला पाच मिली निंबोळी तेल, चमचाभर पातळ साबण,
ऊन उतरल्यावर, पानाच्या पाठीवर,
आणि आठ दिवसांनी पुन्हा.
मी प्रमाण मोजून दिलं. हसुराम हसला,
त्याचा हात कधीचाच मोजून झालेला.

गेटजवळच्या झुडपाशी मी पंप उचलला
तर त्याने मनगट धरलं.
"बाय, यो पलतंय बग. ढेकून कवा असा पलतो?"
तसंच पांढरं, तशाच पिठाच्या झिपऱ्या,
पण पायांना लगबग.
भिंगाखाली ते एका ढेकणाला
शांतपणे खात होतं.
पुढे त्याचा छोटा तपकिरी भुंगेरा होतो म्हणे.
तेहेतीस वर्षांत मी किती पट्ट्यांवर
रंगावरून निकाल लिहिला असेल,
हे त्या संध्याकाळी मोजायचं टाळलं.
ते झुडूप आम्ही फवारलं नाही.

चैत्रात कुंपण कोवळं झालं.
मी येताजाता पानं पुसून बघायची.
"रं बाय, टकली करशील तिला," हसुराम म्हणायचा.

आणि तेव्हाच मंडळाचा माणूस आला,
अर्ज फायलीत, कॅमेरा गळ्यात.
"काळं कुठंय?"
रणपिसे माझ्याकडे बघायला लागले.
मी खरं ते सांगितलं: ढेकूण, साखर, बुरशी.
त्याने ते अगदी आनंदाने लिहून घेतलं,
खाली रेघ मारली,
माझी सही घेतली. या खेपेस नमुना पाहून केलेली.

रात्री दीडच्या सुमारास
रबाळ्याकडून अजूनही तो वास येतो.
कुजलेल्या बदामासारखा, घशात बसणारा.
समोरच्या इमारतीतलं मूल खोकतं, मग थांबतं.
मी खिडकीत उभी राहते. हात पुढे करून बघते.
बोटाला काही लागत नाही.