मालकाच्या चौकटीत

नोंदणी क्रमांक आता नावाआधी तोंडावर येतो.
सदरच्या बँकेत एकदा खाते क्रमांकाच्या जागी
मी तोच लिहून दिला.
कारकून म्हणाला, मॅडम, हे तं कोणाचंच खातं नाही.

सही हा माझा धंदा.
जिना कुठे, खिडकी कुठे,
शेजाऱ्यापासून किती फूट सोडून उभं राहायचं,
हे ठरवायचा हक्क मला कायद्याने दिलाय.
सळई किती जाडीची, हे ठरवायचा नाही.
तिथे घाटोळे इंजिनियरचा शिक्का.
जमिनीखाली काळी माती किती खोल, ते तिसऱ्याच माणसाचं.
एका घराभोवती आम्ही तिघं-चौघं
वाटणीला बसलेल्या भावांसारखे,
आपापल्या हद्दीत पाय आवरून.

आणि सगळ्या हद्दींच्या बाहेर,
कूलरचे शिंतोडे उडतात त्या टेबलावर,
मधुकर पराते.
एकतीस वर्षं.

वडलांचा माग होता तांडापेठेत.
उभा धागा, आडवा धागा, चुकला तर उसवायचा.
मुलाने तो हिशेब टी-स्क्वेअरवर आणला,
मग माउसवर.
आयटीआयचा दाखला आहे. नोंदणी नाही,
त्या दाखल्यावर ती होतही नाही.
मी कॉलेजातून नवी आले तेव्हा
माझ्या जिन्याच्या सातव्या पायरीवर
माणसाचं डोकं तुळईला आपटत होतं.
त्यांनी तिथे लाल पेन्सिलीचं एक टिंब ठेवलं.
बोलले काही नाहीत.
अजून जिना काढला की मी ते टिंब शोधते.

मे महिन्यात परिपत्रक आलं.
कोणी काय करावं, कोणी काय करू नये,
पोटकलमं, तक्ता, तक्त्याखाली टीप.
दोनदा वाचलं, आणि मला पटलं.
मानेवाड्याला पडलेली बाल्कनी मी पाहिली आहे.
नकाशा कोणा ओळखीच्याने काढलेला, स्वस्तात,
वरची सळई खाली टाकलेली.
खाली दोरीवर बाळाची दुपटी वाळत होती.
नशीब, दुपटीच होती.

त्याच आठवड्यात परातेंनी
माझ्यासमोर एक गुंडाळी ठेवली.
बारा बाय चाळीसची जागा, भिंतीला भिंत.
मधोमध चार फुटांचा चौक, वरून उजेड.
पश्चिमेला खिडकीच नाही.
"तिकडून सूर्य घरात राहालेच येते, मॅडम."
आईच्या खाटेपासून संडास सहा पावलं,
तिची पावलं, त्यांची नव्हे.
बदलायला मला काही सापडलं नाही.
खोटं कशाला बोलू, बराच वेळ शोधलं.

अर्जावर छापलेलंच असतं:
सदर नकाशा माझ्या देखरेखीखाली तयार झाला आहे.
देखरेखीखाली.
पेन उघडलं. टोपण पुन्हा लावलं.
"काऊन थांबल्या? करा न.
आजपर्यंत केल्याच की."

खरं होतं. दीडेक हजार घरं,
दीडेक हजार वेळा हेच वाक्य,
आणि माझा हात कधी अडखळला नव्हता.
नियम चांगला आहे, असं मी अजूनही म्हणते.
फक्त त्याने ज्यांच्यापासून लोकांना वाचवायचं
आणि ज्यांच्याकडून मी शिकले,
ते दोघे एकाच रकान्यात बसवलेत:
इतर.

केली सही.

प्रिंट निघाली. खाली उजवीकडे दोन चौकटी.
एकीत मी, क्रमांकासकट.
दुसरीत, मालक.
परातेंनी चष्मा पुसला, सवयीने आधी
रेघांची जाडी तपासली, बाण तपासले,
मग बोट त्या चौकटीवर आलं आणि तिथेच राहिलं.

"पहिल्यांदाच आलं नाव नकाशावर," म्हणाले.
"पण त्याच्यासाठी जमीन घ्या लागली."

हसले की नाही, मला कळलं नाही.
बादली उचलली,
आणि कूलरमध्ये पाणी टाकायला गेले.