त्रुटी

दिवाणी कागद तीन तऱ्हांचे:
कायम ठेवायचे, तीस वर्षं ठेवायचे,
आणि बाकीचे.
नियम भिंतीवर चिकटवलाय,
एप्रिलपासून त्याच्यावर कूलरचं पाणी उडतं.
निकाल आणि हुकूमनामा कायम.
कैफियती, जबान्या, समन्सच्या उलटपावत्या
मुदत भरली की चाळणीत, तिथून लगद्याला.
म्हणजे काय ठरलं ते राहतं,
कोण काय म्हणालं ते जातं.

बावीस वर्षं मी ही चाळणी करते,
सिव्हिल लाइन्समध्ये, तळमजल्यावर.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एक लाल रुमाल निघाला,
शंभरेक वर्षांचा, चुकून कायमच्या मांडणीवर बसलेला.
गाठ सुटेना म्हणून दात लावले.
"काऊन मॅडम," ठवकर नाझर म्हणाला,
"धनुर्वाताचं इंजेक्शन मीच मंजूर करू काय?"

आत मोडी.
मला येते ती तीन महिन्यांच्या सरकारी वर्गापुरती.
हात न उचलता लिहिलेलं,
मुनशीला जेवायला जायचं असावं.

वादी सगुणा, जौजे फकिरा, जात ढिवर, धंदा शिंगाडे,
राहणार मौजे पिपरडोल.
प्रतिवादी मालगुजार.
मागणं: तळ्याचा उत्तरेकडचा कोपरा,
जिथं सासू वेल लावायची, आणि सासूची सासू.
पुरावा: वाजिब-उल-अर्ज, कलम अकरा,
बंदोबस्ताच्या साहेबानं पिंपळाखाली टेबल टाकून
लिहून घेतलेली गावची रीत:
शिंगाडा ढिवर लावतील, मालगुजारास चौथा हिस्सा.
मालगुजाराचं म्हणणं,
रीत होती. हक्क नव्हता.

(ही सुरी अजून चालते,
वरच्या मजल्यावर, कोर्ट नंबर सातमध्ये.
परवाच धार लावून आणली होती कुणीतरी.)

जबानी:
"पान्यात मी उतरतो, काटे मले रुततेत.
मंग तळं कोनाचं, थे तुमीच सांगा."
मुनशीनं जसंच्या तसं घेतलंय.
खाली डाव्या अंगठ्याची निशाणी.
शेजारी हाकिमाच्या इंग्रजीत एकच ओळ:
साक्षीदारास मालकी सांगता येत नाही.

हक्काचा निकाल लागलाच नाही.
दाव्यावर दोन आण्यांचं तिकीट कमी होतं.
पूर्ततेला सात दिवस दिले,
ती आठव्या दिवशी आली.
का, ते कागदात नाही.
पिपरडोल ते नागपूर अकरा कोस, मध्ये नदी,
महिना श्रावण, एवढंच मी जुळवू शकते.
दावा फेटाळला.

हे दोन शब्द कायमच्या वर्गात आहेत.
उरलेली सगुणा सोमवारी लगद्याच्या गाडीत.

मी नकलेचा अर्ज भरला.
रकाना चार: अर्जदाराचा पक्षकाराशी संबंध.
पेन तिथंच थांबलं.
मी पाचपावलीची. आमच्याकडे तळं नव्हतं,
नळ होता, तोही पहाटे चाळीस मिनिटं.
शेवटी लिहिलं, "वाचली."
तिकीट पाचाचं लावलं,
दोन आणे आता कुठं मिळतात.

काल अर्ज परत आला.
शिक्का, सही, लाल शाईत:
रकाना चार, त्रुटी. पूर्तता सात दिवसांत.
ठवकर वाईट माणूस नाही.
नियम आहे म्हणाला.
आहेच.
तो नवा लागला तेव्हा मीच त्याला शिकवला होता.

पिपरडोलला आता ले-आउट पडलाय.
तळ्याच्या जागी लग्नाचा लॉन, उत्तरेला पार्किंग.
मी रविवारी स्कूटीवर जाऊन आले, उगाच.
चौकीदार म्हणाला, पावसाळ्यात इथं पाणी हटत नाही बापा,
मोटर लावा, काही लावा.

आज दुसरा दिवस.
फाटकाबाहेर एक बाई उकडलेले शिंगाडे विकते,
वाटा वीस रुपये, वर ओलं फडकं.
गाव विचारावं असं आलं मनात.
विचारलं नाही. दोन वाटे घेतले,
टेबलावर अर्ज बाजूला सारून सोलत बसले.

अंगठा काळा झालाय.
साबणानं जात नाही हा रंग,
दोन-तीन दिवस तरी.