लोकवाट्याचा रकाना

अर्जात विचारलं होतं : जागेची सद्यःस्थिती.
मी लिहिलं, हातपंपामागची पडीक जागा,
बारा बाय वीस फूट, गाजरगवत, फुटकी नाली, एक कडूनिंब.
हे नाही लिहिलं
की हंड्यांच्या रांगेत रेवतामावशी
तासभर एका पायावरून दुसऱ्या पायावर होते.

लोकवाटा दहा टक्के.
सभेत जो तो आपल्या चपलांकडे पाहू लागला.
मग सोनेराव मडावी म्हणाला,
"पैसे नाई बा, मुरूम हाये."
कुणी दोन दिवस दिले, कुणी बैलबंडी.
कौतिकाबाईनं उखळाचा दगड दिला,
"आता कोन कुटते?"

रकान्यात फक्त रुपये मावत होते.
दगडापुढं मी लिहिलं : चाळीस.
"येवढेच?" ती म्हणाली.

पहिला हप्ता आला. दुसरा आर्णीत अडकला.
ओटा तीन बाजूंनी झाला,
चौथ्या बाजूला अजून माती.

तपासणीचे साहेब मोबाईल धरून म्हणाले,
"जरा उठा बाई, काम दिसू द्या."

कोणी उठलं नाही.
रेवतामावशीनं उलट
पाय आणखी पसरले,
आणि कौतिकाबाई टेकलेली तशीच,
चाळीस रुपयांवर.