देणं

त्याच्या नावाचं इस्पितळ आहे बेटावर,
संगमरवरी. डॉक्टर नाही.
त्याच्या नावाचं वाचनालय आहे,
पितळी कड्यांचं दार, आणि पायऱ्यांवर
दुपारच्या सावलीला येणाऱ्या शेळ्या.
चर्चमधली घंटाही त्याचीच.
घंटेचा आवाज मात्र चांगला आहे, हे कबूल करायला हवं.

मी पोलिडोरोसचा हिशेबनीस. एकेचाळीस वर्षं.
पिरिअसच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
पोलाद मोजलं, गहू मोजला, कोळसा मोजला,
वाऱ्याचे पैसे होत होते तेव्हा वारासुद्धा मोजला.

शेवटच्या जानेवारीत त्यानं मला बेटावर बोलावलं.
खिडकीपाशी खाट, पायांवर घोंगडी,
आणि जिन्यात रांग:
पाद्री इग्नातिओस घुमटाचा नकाशा काखेत धरून,
नगराध्यक्ष, नव्या बुटांत,
अथेन्सहून आलेली एक बाई
जी दर वाक्यात एकदा ‘वारसा’ म्हणायची.
पुतणे तर होतेच. पुतणे असतातच.

‘सगळं देऊन टाकायचं ठरवलंय,’ तो म्हणाला.
‘कुणाला द्यावं, तू सांग, इसिदोरोस.
तू कधी काही मागितलं नाहीस.’
(अडुसष्ट साली पगारवाढ मागितली होती.
तो विसरला. मी नाही.)

मी म्हटलं, देणं दोन तऱ्हेचं असतं, मालक.
एक देताना हात वर असतो.
दुसरं वहीत असतं.
तुम्ही कुठल्या देण्याबद्दल विचारताय?

तो बोलेना, तेव्हा मीच वही उघडली.
एकोणऐंशीचा डिसेंबर. ‘कालिरोई’. बिस्केचा उपसागर.
विम्याचे पैसे: पूर्ण, आणि वर थोडे.
त्या थोड्यांतून पुढच्या जहाजाचा नांगर.
माणसं अकरा.
खर्चाच्या रकान्यात अकरा पोती पीठ,
संत निकोलाओसच्या अकरा तसबिरी,
आणि टपालखर्च.

‘नावं सांग,’ तो म्हणाला.
मला सात आली.
मारुसोचा नवरा. सुकाण्यावरचा थेमेलिस.
ते दोघे भाऊ, ज्यांची आई अजून
धक्क्यावर पाठ करून बसते.
आणखी तिघे.
उरलेल्या चौघांच्या जागी वहीत लिहिलं होतं: इतर.
अक्षर माझं होतं.

रात्रभर त्याच्या खोलीत दिवा होता.
पहाटे म्हणाला, घुमट नको.
आधी ती अकरा घरं शोध. व्याजासकट.
मग एक बोट घे, हिवाळ्यात चालणारी,
आजारी माणसाला पलीकडे नेणारी,
आणि तिच्यावर माझं नाव घालू नकोस.
‘मग काय घालू?’
‘नंबर घाल.’
‘आणि उरलं तर?’
‘उरेल,’ तो म्हणाला, जरा ओशाळून.
‘एवढं सगळं करूनही उरेल.
तेच तर…’ आणि त्याला खोकला आला.

नोटरी पिरिअसच्या धक्क्यावर उभा होता,
कागद बॅगेत, बॅग छातीशी.
वारा नऊच्या वर. बोटी बंद.
एक दिवस. दोन.
तिसऱ्या रात्री पोलिडोरोस गेला.
चौथ्या दिवशी समुद्र निवळला,
तेलासारखा गुळगुळीत,
आणि नोटरी उतरला तो
पुतण्यांनी पुढे केलेल्या छत्रीखाली.

आता घुमट आहे.
नौकानयनाचं संग्रहालय आहे, तिथे माझी वही आहे,
काचेखाली, निळ्या मखमलीवर,
पहिल्या जहाजाच्या जलावतरणाच्या पानावर उघडलेली.
रविवारी किल्ली माझ्याकडे असते.
मी काच उचलतो, पानं उलटतो,
‘इतर’पाशी आणून ठेवतो.
सोमवारी कुणीतरी ती परत फिरवतं.
आमचं यावर कधी बोलणं झालेलं नाही.

या वसंतात चौघांपैकी एकाचं नाव मिळालं.
अलेक्झांड्रियाहून त्याच्या मुलीचं पत्र आलं.
शाबान. जहाजावर पाव भाजायचा.
मी ते पेन्सिलीनं लिहिलंय, बारीक,
‘इतर’च्या वर जेवढी जागा होती तेवढ्यात.