मोजमाप

वाडीबंदरच्या मागे, जिथे रूळ संपतात
आणि बफरला कुणीतरी शेळी बांधून ठेवतं,
तिथल्या रेल्वे क्वार्टर्सची नोंद करायला मला पाठवलंय.
टेप, टॉर्च, सतरा रकान्यांचा फॉर्म.

इथे आधी खाजण होतं, हे कागदावर आहे.
किती पाट्या मुरूम पडला, ते नाही.
भरतीला अजून जिन्याखाली पाणी कूस बदलतं,
सात नंबरच्या हिल्डाबाई डिमेलो सांगतात.
त्यांचा आजेसासरा सांधेवाला.
घरात घड्याळ नव्हतं;
मेल गेली की अंडी उकळत टाकायचा,
मालगाडी हलली की काढायचा.

मी लिहिते:
काळा दगड कुर्ल्याचा, कोपऱ्यांना पिवळा मालाडचा.
कमानी नऊ, त्यातली एक विटांनी बुजवलेली.
खांब ओतीव लोखंडाचे,
त्यांवर सातासमुद्रापलीकडच्या कारखान्याचं नाव,
रंगाचे वीस थर चढूनही वाचता येणारं.

माणसाचं नाव कुठेच नाही.

पाचव्या कमानीत, आतल्या अंगाला,
टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसलं:
एक विळा, खाली दोन टिंबं.
शेजारच्या दगडावर तेच. त्याच्या शेजारीही.
मला भरूनच आलं.
सही! म्हटलं, दीडशे वर्षं अंधारात
कुणाची तरी सही.

परांचीवर पोशट्टी चुन्याने सांधे भरत होता.
कामाठीपुऱ्याचा, चार पिढ्या दगडातला.
थापी न थांबवता हसला.
सही कसली ताई, हिशोब तो.
दगडामागे पैसे. शनिवारी मुकादम खुणा मोजणार.
आपला दगड दुसऱ्याच्या खाती जाऊ नये म्हणून.
आणि तडकला तर खूण बघूनच कापणार.

मी पुन्हा मोजले.
विळेवाल्याचे एक्केचाळीस.
वरच्या चावीच्या दगडावर
विळ्याची नुसती पाठ, टिंबं नाहीत.
आजारी पडला? मुकादमाशी वाजलं?
की शनिवारच लवकर आला?
पोशट्टीला विचारलं. त्याचा चुना वाळत होता.

रकाना चौदा: अलंकरण.
‘नाही’ लिहिलं. खोडलं.
खालून हिल्डाबाईंची हाक, चहा निवतोय.
घाईघाईत लिहिलं, साडेएक्केचाळीस.

सोमवारी साहेब विचारतील,
एकक काय?