चाळीस ग्रॅम

माझ्या पेटीत, मखमलीच्या खळग्यांत,
पितळेची बारा वजनं.
सगळ्यांत धाकटं एका ग्रॅमचं, ते चिमट्यानेच उचलायचं,
बोटाचा घामही त्याला खपत नाही.
ही पेटी मांडीवर घेऊन एकोणीस वर्षं
मी इमेरेतीचे बाजार हिंडतो आहे,
मिनीबसच्या मागच्या सीटवर,
पायांशी कुणाच्या तरी कोंबड्या.

सोमवारी खोनी. गुरुवारी त्स्कालतुबो.
रविवारी तो, ज्याला नाव नाही,
पुलाखालचा म्हटलं की सगळ्यांना कळतो.

डोळे मिटूनही सांगेन कुठे उतरलो ते:
आधी ओल्या चीजचा आंबूस वास,
मग आलुबुखाराच्या चटणीचा, दात शिवशिवतात,
मग निळ्या फुलांची मेथी, ताजी कुटलेली,
आणि झेंडू.
पाकळ्या वाळवून, पूड करून
चमच्या-चमच्याने विकतात
आणि तिला बिनदिक्कत केशर म्हणतात.
यावर माझ्या तक्त्यात काही लिहायचं नसतं.
मी फक्त वजन बघतो.

मला पाहून लोक हसतात,
आणि हसता हसता काटे सरळ करतात.
खारवलेलं मांस विकणारा उशांगी
पारड्याखाली चुंबक लावायचा.
सापडला तेव्हा म्हणाला,
"बाटोनो जुंबेर, खाली ओढायचं काम
पृथ्वीपण करतेच की. तिला दंड केलात?"
पावती फाडली. मग त्याच्याकडूनच अर्धा किलो घेतलं,
रोख पैसे मोजून.
घरी येऊन वजन केलं.
तीस ग्रॅम कमी.

नाझिब्रोला पुलाखाली बसते,
शेवटच्या खांबाला टेकून,
वरच्या डोंगरातला लाल ठिपक्यांचा घेवडा घेऊन.
तिचा तराजू दोरीचा.
एका पारड्यात घेवडा, दुसऱ्यात
रिओनीच्या पात्रातला एक काळा गोटा.
हा माझा किलो, म्हणाली.
मी माझी वजनं लावली, काढली, पुन्हा लावली.
एक हजार चाळीस.

"बाई, तू जास्त देतेस."
"ठाऊक आहे."
"दर किलोला चाळीस ग्रॅम."
"ठाऊक आहे म्हटलं ना."

गिऱ्हाईक नव्हतं. तिने पिशवीचं तोंड बांधलं,
सोडलं, पुन्हा बांधलं.
"ब्याण्णव साली दिवे नव्हते, पाव नव्हता, आठवतं?
तेव्हा माझा गोटा दुसरा होता. हलका.
एक बाई यायची, कडेवर पोर.
ती मोजून पैसे द्यायची, मी मोजून कमी द्यायचे.
पोर माझ्या हातांकडे बघत राहायचं.
पुढे ती यायची थांबली. कुठे गेली, कुणाला विचारू?
म्हणून जो येईल त्याला.
किती फिटलं, किती उरलं,
ते येतं का तुझ्या वहीत?"

माझ्या वहीत चूक दोन्हीकडची चूकच असते.
कमी असो, जास्त असो, रकाना एकच.
मी लिहिलं: अप्रमाणित वजन, जप्त.
पावती दिली. तिने ती न वाचता
घेवड्याच्या पिशवीत खोचली.
परतताना पेटीपेक्षा गोटाच जड लागत होता,
अर्थात ते काही शास्त्र नव्हे.

पुढच्या रविवारी तिच्याकडे नवं लोखंडी वजन,
त्यावर शिक्का, सगळं कायद्यात.
घेवडा मापला. काटा बरोबर मधे.
मग माझ्याकडे बघत
तिने मूठभर घेवडा वरून टाकला.
मुठीवर शिक्का मारायचा नियम
अजून तरी निघालेला नाही.

गोटा खरं तर कोठारात जमा करायचा.
तो आमच्या ओट्यावर आहे.
बायको त्याने अक्रोड फोडते,
एका ठोक्यात, टरफल पार खिडकीपर्यंत.
मी तिला अडवत नाही.
रोज थोडा झिजत असणार.
हजारावर यायला किती वर्षं लागतील,
किती अक्रोड,
हे काढायला मी दोनदा वही घेऊन बसलो.
दोन्हीदा तिने हाक मारली,
जेवण गार होतंय.